वादळवारा आणि एक फळी

(नभोवाणीवरील भाषण)

वारा आपल्या घरांत येतो तो बहुधा खिडकीवाटे येतो. उकाडा झाला म्हणजे आपण त्याच्यासाठीं तावदानें उघडतों आणि टेबलावरचे कागद उडूं लागले म्हणजे तीं लावून घेतों. शहरांत राहणाऱ्या माणसांचा वाऱ्याशीं संबंध एवढाच. त्याला वजन असतें, तो खांद्याला हात घालून माणसाला ढकलूं शकतो, हें आपल्याला एरवीं जाणवत नाहीं. आज ज्या मंडळींविषयीं मी चार शब्द सांगणार आहें, त्यांना मात्र वाऱ्याचें वजन हाताच्या तळव्यांवर तोलतां येतें. ज्या दिवशीं शहाणे नावाडी आपल्या होड्या ओढून वाळूवर घेतात, त्या दिवशीं हीं माणसें एक फळी आणि एक शीड काखेंत मारून पाण्याकडे निघतात.

विंडसर्फिंग हें या खेळाचें नांव. १९८४ सालच्या लॉस एंजेलिस येथील सामन्यांपासून ऑलिंपिकमध्यें त्याला स्थान मिळालें. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करतों. दोन-अडीच मीटर लांबीची एक हलकी फळी. तिच्या मध्याजवळ उभी केलेली डोलकाठी. डोलकाठीला एक त्रिकोणी शीड. होडी म्हटली म्हणजे सुकाणूं आलें, वल्हीं आलीं, बसावयास जागा आली. येथें त्यांतलें कांहींच नाहीं. माणूस फळीवर उभा राहतो आणि शिडाला जोडलेला आडवा दांडा दोन्ही हातांनीं धरतो. शीड पुढें कलविलें कीं फळीचें तोंड वाऱ्यापासून दूर वळतें, मागें कलविलें कीं वाऱ्याकडे येतें. हातांतलें शीड हेंच त्याचें सुकाणूं.

हें साधतें तें एका लहानशा वस्तूमुळें. डोलकाठी फळीला ताठ खिळलेली नसते. तिच्या बुडाशीं, मुठीएवढा, वाटेल त्या दिशेला लवणारा एक सांधा असतो. हात सोडले कीं शीड पाण्यावर आडवें पडतें. फळी मात्र उलथत नाहीं. या सांध्याकडे कृपा करून लक्ष असूं द्या. पुढें मला माझी एक फजिती सांगावयाची आहे, तींत त्याचें काम आहे.

हा सांधा प्रथम कोणाला सुचला यावर मोठा वाद झाला. अमेरिकेंत न्यूमन डार्बी यानें १९६४ च्या सुमारास शीड लावलेली फळी बनविली. पुढें कॅलिफोर्नियांतील होईल श्वाइट्झर आणि विमानविद्येंतील अभियंता जिम ड्रेक यांनीं ती कल्पना पूर्णत्वास नेऊन १९६८ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. परंतु इंग्लंडांत हें प्रकरण कोर्टांत गेलें, तेव्हां असें निघालें कीं पीटर चिल्व्हर्स नांवाच्या एका मुलानें १९५८ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर अशीच एक फळी हांकली होती. १९८५ सालीं तेथील अपील कोर्टानें त्या मुलाच्या खेळण्याच्या आधारें इंग्लंडांतील पेटंट रद्द ठरविलें.

हा झाला मंद वाऱ्याचा खेळ. आतां जोराच्या वाऱ्याकडे वळूं.

वाऱ्याचा जोर मोजण्याची जी रीति आज जगभर चालते, ती ब्रिटिश आरमारांतील फ्रान्सिस ब्यूफर्ट या अधिकाऱ्यानें १८०६ च्या सुमारास बसविली. शून्यापासून बारापर्यंत त्यानें अंक ठरविले. गंमत अशी कीं, हे अंक त्यानें मैलांवरून ठरविले नाहींत. लढाऊ जहाजानें कोणत्या वाऱ्यांत किती शिडें उभारावींत यावर त्याची वर्गवारी होती. आणि बाराव्या अंकाचा वारा म्हणजे ज्यापुढें कोणतेंच शीड टिकत नाहीं तो. पुढें या अंकांना वेगाचीं मापें जोडण्यांत आलीं. समुद्रावर वेग नॉटमध्यें सांगतात. एक नॉट म्हणजे ताशीं सुमारें १.८५ किलोमीटर. नवशिक्याला १० नॉटचा वारा पुरे होतो. ३४ नॉटला आठवा अंक लागतो, ४८ नॉटला दहावा. आठव्या अंकाच्या वाऱ्यांत रस्त्यानें चालणाऱ्यालाही समोरून चालणें जड जातें. या खेळांतील पट्टीचे लोक ज्या वाऱ्याची वाट पाहतात, तो येथून सुरू होतो.

आतां थोडा हिशेब करूं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. १५ नॉटच्या प्रसन्न वाऱ्यांत सात चौरस मीटरचें शीड घेऊन जाणारा मनुष्य ४५ नॉटच्या वादळांत साडेतीन चौरस मीटरचें शीड घेईल. म्हणजे शीड निम्मे झालें, पण वाऱ्याचा दाब नऊपट वाढला. हें जें अंतर राहिलें तें कोणी भरून काढावयाचें? कांहीं अंशीं शीडच भरून काढतें. डोलकाठीजवळची दोरी खालून घट्ट ओढली म्हणजे शिडाचा शेंडा सैल पडतो, आणि झोत आला कीं तो आपोआप उघडून जास्तीचा वारा सांडून देतो. कांहीं भार कमरेच्या पट्ट्यावर पडतो. त्या पट्ट्याला एक आंकडा असतो व तो दांड्यावरील दोरीच्या फांसांत अडकविलेला असतो, त्यामुळें हातांऐवजीं सगळें शरीर शिडाला लोंबकळतें. उरलेलें काम चापल्याचें. झोत येतांच मागचा हात तसूभर सैल करावयाचा, आणि तो ओसरतांच पुन्हां ओढून घ्यावयाचा. हें मिनिटांतून वीस वेळां. जो हट्टानें शीड आवळून धरतो त्याला वारा उचलतो आणि फळीच्या नाकावरून पुढें पाण्यांत भिरकावून देतो. गोफणींतून धोंडा सुटावा तसा तो जातो. आणि आंकडा अडकलेलाच राहिला तर डोलकाठीही त्याच्याबरोबर येते.

पायांचेंही तसेंच. फळी वेगानें जाऊं लागली कीं ती पाणी कापीत नाहीं, पाण्यावर उचलली जाते आणि शेपटाकडचा हातभर भाग काय तो पाण्याला लागतो. उरलेली फळी लाटांच्या शेंड्यांवरून आपटत, टणटणत जाते. १९७७ च्या सुमारास हवाई बेटांतील खेळाडूंनीं फळीवर पायपट्टे बसविले, तेव्हांपासून खरें पाहतां जोराचा वारा माणसाच्या आटोक्यांत आला. त्यापूर्वीं पहिल्याच मोठ्या लाटेला फळी एकीकडे व स्वार दुसरीकडे अशी स्थिति होई.

या वाऱ्याचीं कांहीं माहेरघरें आहेत. त्यांतलें एक आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर, नामिबियांत आहे. त्या गांवाचें नांव ल्यूडरिट्झ. गांवाच्या एका बाजूला नामिबचें तापलेलें वाळवंट. दुसऱ्या बाजूला बेंग्वेला नांवाचा सागरी प्रवाह, त्याचें पाणी हाडें गोठविणारें. वाळवंटावरची तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठीं दक्षिणेकडून थंड वारा किनाऱ्याला घांसत धांवत येतो. तेथील उन्हाळ्यांत दुपार झाली कीं त्याचा जोर वाढतो. गांवाजवळच्या उथळ खाडींत खेळाडूंनीं वाळू उपसून एक लांब अरुंद चर खणला. वारा मागून तिरपा येईल अशी त्याची दिशा धरली. वाऱ्याच्या बाजूला वाळूचा कांठ अगदीं लगत असल्यामुळें लाटेला उठावयास जागाच नाहीं, म्हणून वारा वादळाचा आणि पाणी मात्र परातींतल्यासारखें. नोव्हेंबर २०१५ मध्यें आंत्वान आल्बो या फ्रेंच खेळाडूनें तेथें पांचशें मीटर अंतर सरासरी ५३.२७ नॉट वेगानें तोडलें आणि फळीवरील वेगाचा नवा विक्रम नोंदविला. म्हणजे ताशीं जवळजवळ ९९ किलोमीटर. एंजिन नाहीं, चाक नाहीं. अंतर संपावयास अठरा सेकंद. दोन्ही हातांना वाळूचे कांठ, आणि तोल गेला तर पाण्याची गादी नाहीं.

आल्बो हा अंगानें धिप्पाड. त्या चरांत वजन उपयोगी पडतें; हलके खेळाडू अंगांत जड जाकिटें घालतात. परंतु सगळ्याच वादळांना वजन लागत नाहीं. २०१३ व २०१४ सालीं कांहीं निवडक खेळाडूंची एक विलक्षण स्पर्धा झाली. तिची तारीख व जागा आधीं ठरलेली नव्हती. दहाव्या अंकाचें वादळ जगांत कोठें उठतें याची हवामानाच्या नकाशांवरून वाट पाहावयाची, आणि तें दिसतांच सामान उचलून तेथें जावयाचें. जानेवारी २०१३ मध्यें आयर्लंडचा पश्चिम किनारा, त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें टास्मानिया आणि फेब्रुवारी २०१४ मध्यें इंग्लंडांतील कॉर्नवॉल अशा तिच्या तीन फेऱ्या झाल्या. बलदंड गड्यांना मागें टाकून जो विजयी झाला तो तोमा त्रावेर्सा हा अंगानें लहानखुरा फ्रेंच तरुण. मोठ्या लाटेवर, उलटसुलट झोतांत, शक्तीपेक्षां वेळ ओळखण्याचें महत्त्व अधिक असतें.

येथवर मी मोठ्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्या ऐकून आपल्याला वाटेल कीं हा सारा धैर्याचा मामला आहे. मलाही एके काळीं तसेंच वाटे. तें मत कसें बदललें तें आतां सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं नोकरीच्या निमित्तानें आमचें बिऱ्हाड दक्षिण फ्रान्समध्यें होतें. तेथें पिरेनीज पर्वत आणि फ्रान्सच्या मध्यभागींचें डोंगरपठार यांच्यामध्यें एक सखल पट्टा आहे. वायव्येकडचा वारा त्या पट्ट्यांत शिरतो, नळींत कोंडल्यासारखा होतो आणि दुप्पट त्वेषानें भूमध्य समुद्रावर बाहेर पडतो. तेथील लोक त्याला त्रामोंतान म्हणतात; डोंगरापलीकडून येणारा, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. ल्यूकात आणि ग्रुइसां हीं गांवें या वाऱ्यासाठींच प्रसिद्ध. ग्रुइसांला मे महिन्यांत भरणाऱ्या शर्यतींत हजारांहून अधिक शिडें एकाच वेळीं निघतात. हा वारा सुरू झाला कीं आकाश निळेंशार होतें, ढग उरत नाहीं, दूरचे डोंगर हाताशीं आल्यासारखे दिसतात. वादळ म्हटलें कीं काळोख व पाऊस अशी आपली समजूत. हें वादळ हंसतमुखानें येतें.

त्याचा दुसरा कावा असा कीं, तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्यामुळें किनाऱ्यालगत लाटच नसते. नवख्या माणसाला वाटतें, पाणी तर शांत आहे, मग भय कशाचें? पण जसजसें आंत जावें तसतशी लाट मोठी होत जाते, आणि किनाऱ्याकडे येणाऱ्या वाऱ्यांत चुकलेला मनुष्य जसा शेवटीं वाळूवर येऊन पडतो, तसा येथें चुकलेला मनुष्य किनाऱ्यावर येऊन पडत नाहीं. त्याच्यापुढें मोकळा समुद्र असतो.

मी तीन वर्षें शिकलों होतों. ३० नॉटपर्यंतचा वारा मला पेलूं लागला होता, आणि जेवढें येतें त्याहून थोडें अधिक येतें असें वाटण्याची जी एक अवस्था असते, तींत मी होतों. एप्रिलमधल्या एका रविवारीं मी, पत्नी व मुलगी असे समुद्रावर गेलों. वारा ४० नॉटच्या घरांत होता. वाळूचे कण पोटऱ्यांना सुयांसारखे टोंचत होते. माझ्या शेजारीं एक वृद्ध फ्रेंच गृहस्थ आपलें शीड गुंडाळून ठेवीत होते. त्यांनीं माझ्या सामानावर नजर टाकली, वांकून डोलकाठीच्या सांध्याला बोट लावलें आणि विचारलें, "हा किती वर्षांचा?" मीं म्हटलें, "विकत घेतला तेव्हां जुनाच होता." ते म्हणाले, "मग आज आपण कॉफी घेऊं या." मीं हंसून मान हालविली आणि पाण्यांत शिरलों.

पहिलीं दहा मिनिटें कशीं गेलीं तें सांगणें कठीण आहे. फळी पाण्याला लागत नव्हती. कानांत एकच आवाज, शिडाचा. आणि डोळ्यांपुढें तुषारांचा धूर. दोन खेपा बिनचूक झाल्या. तिसऱ्या खेपेस मी आंत बराच दूर गेलों. वळण्यासाठीं वजन टाकलें, त्याच क्षणीं पायाखालीं फटकन् आवाज झाला आणि मी पाण्यांत होतों. वर येऊन पाहिलें तों फळी एकीकडे तरंगते आहे आणि डोलकाठीसह शीड दुसरीकडे. सांधा तुटला होता.

अशा वेळीं काय करावें हें मला पाठ होतें. फळी प्रथम धरावी. ती हलकी असल्यामुळें वारा तिला पळवितो. एकदां ती हातची गेली कीं पोहून गांठतां येत नाहीं. शीड भारी किंमतीचें असतें, पण तें माणसाला तारीत नाहीं. हें सारें मला येत होतें; आणि तरीही, श्रोतेहो, माझा पहिला हात शिडाकडे गेला. तें नवें होतें, माझ्या महिन्याच्या पगाराचा मोठा भाग त्यांत गेला होता. दोन-तीन क्षण मी तें धरून राहिलों. तेवढ्यांत फळी दहा हात दूर गेली होती. मग शीड सोडलें आणि जीव खाऊन पोहलों. फळीच्या पायपट्ट्यांत बोटें अडकलीं तेव्हां माझ्या छातींत श्वास मावत नव्हता.

मग मी फळीवर पालथा झालों आणि हातांनीं पाणी मारूं लागलों. समोर वारा, तोंडावर पाण्याचे फटकारे. पंचवीस हात मारावे, दम घेण्यास थांबावें, कीं तेवढें सारें अंतर परत जावें. रबराचा पोशाख अंगांत होता तरी बोटें बधिर होऊं लागलीं. किनारा स्पष्ट दिसत होता. छत्र्या दिसत होत्या, मोटारींच्या कांचांवर ऊन चमकत होतें. एखादें माणूस तेथें हांसलें असतें तर तेंही दिसलें असतें, असें वाटे. पण माझी हांक वाऱ्यानें उलट समुद्राकडेच नेली असती. मदत मागण्याची खूण म्हणजे दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खालीं करणें. फळीवर उठून बसून मी ती खूण करीत राहिलों. भीति वाटली का, असें मला पुढें अनेकांनीं विचारलें. भीतीपेक्षां लाज अधिक वाटली. कॉफीला नाहीं म्हटल्याची लाज.

माझ्या पत्नीला या खेळांतलें कांहींही कळत नाहीं. वारा कोणत्या बाजूचा, शीड किती मापाचें, हें तिनें कधीं विचारलें नाहीं. पण त्या दिवशीं ती वाळूंत मुलीला पांघरूण घालून बसली होती आणि दोघी मिळून पाण्यावरचीं शिडें मोजीत होत्या. माझें शीड लाल होतें. मुलगी एकदां म्हणाली, "बाबांचें लाल कुठें गेलें?" पत्नीनें पुन्हां सारीं मोजलीं, पुन्हां मोजलीं, आणि मग उठून त्या वृद्ध गृहस्थांकडे गेली. तिला फ्रेंच जेमतेम येई. 'लाल' आणि 'नाहीं' हे दोन शब्द तिनें सांगितले. ते पुरले. गृहस्थांनीं दुर्बीण लावली आणि बचावनौकेला फोन केला. नौका माझ्याजवळ आली तेव्हां मी किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर दूर होतों आणि मला आपणहून तिच्यांत चढतां येत नव्हतें.

वाळूवर आल्यावर पत्नी माझ्याशीं बोलली नाहीं. तिनें मुलीचें पांघरूण काढून माझ्या खांद्यांवर घातलें आणि सामान आवरूं लागली. वृद्ध गृहस्थांनीं मला कॉफी आणून दिली. कप धरण्याइतकी बोटें वळत नव्हतीं म्हणून तो त्यांनींच धरला. "शीड सोडलेंत हें चांगलें केलेंत," एवढेंच ते म्हणाले. सोडण्यापूर्वीं मीं तें किती वेळ धरून ठेवलें होतें हें मीं त्यांना सांगितलें नाहीं. घरींही पुष्कळ दिवस सांगितलें नाहीं.

पुढें त्या गृहस्थांचा व माझा स्नेह जमला. त्यांच्याकडून जें शिकलों तें कोणत्याही पुस्तकांतील धड्यांपेक्षां साधें आहे. पाण्याला पाय लावण्यापूर्वीं ते अर्धा तास वाळूवर बसून राहात. वारा स्थिर आहे कीं झोतांझोतांनीं येतो, वाढतो आहे कीं पडतो आहे, पाण्यावर आणखी कोण आहे, हें पाहात. मग सांधा, दोऱ्या, पायपट्ट्यांचे स्क्रू एकेक करून तपासीत. जमिनीकडून वारा असला तर ते एकटे कधीं जात नसत आणि पोहून परत येतां येईल त्याच्या पलीकडे जात नसत. चाळीस वर्षें ते हा खेळ खेळत होते. आणि त्यांपैकीं निम्मे दिवस तरी, ते हंसून म्हणत, मीं कॉफी पिण्यांत घालविले.

आपल्याकडे कोळी बांधव पावसाळा लागतांच होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हां पाण्यांत घालतात. लहानपणीं त्यांत मला केवळ एक सण दिसत असे. आतां तसें वाटत नाहीं. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला, त्यांनाही थांबण्याचा दिवस ठरवून घ्यावा लागतो, आणि तो ठरविणारे भित्रे नसतात.

मीं हा खेळ सोडला नाहीं. मुलगी आतां मोठी झाली असून तीही फळीवर उभी राहते. आम्ही समुद्रावर गेलों म्हणजे शीड लावण्यापूर्वीं ती माझा सांधा तपासते आणि मी तिचा. दर दोन वर्षांनीं तो बदलावयाचा असा घरांत नियम आहे. तारीख डोलकाठीवर रंगानें लिहिलेली असते. आणि तिची आई वाळूवर बसून अजूनही शिडें मोजते. आम्ही परत येईपर्यंत ती हातांतल्या पुस्तकाचें पान उलटीत नाहीं, हें मला पुष्कळ उशिरां लक्षांत आलें.